पट्टी उचलून बघणारी बाई

उभ्यानं नोकरी केलेल्या बाईचे पाय कसे होतात हे कुणाला बघायचं असतं, तर त्यानं बजाबाईचे बघायला हवे होते. पिंढऱ्यांवर निळ्या शिरांचं जाळं, घोट्यांना कायमची सूज, आणि दुपार टळली की चपलेचा पट्टा पायात रुतायला लागायचा. सोलापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात ती दोन नंबरच्या ऑपरेशन वॉर्डची सिस्टर होती. धर्मादाय म्हटल्यावर खाटा थोड्या आणि माणसं फार, हे आलंच. दोन खाटांच्या मधल्या जागेतसुद्धा सतरंजीवर पेशंट झोपलेले असायचे, आणि त्यांच्यामधून वाट काढता काढता बजाबाईचा दिवस संपायचा.

मोहोळजवळच्या एका खेड्यातली ती. आई लवकर गेली, तेव्हा धाकट्या मानसिंगला काखेत घेऊनच ती मोठी झाली. पुढं लग्न झालं, आणि नवऱ्यानं वर्षा-दोन वर्षांत परत आणून सोडली. गावातल्या शहाण्यांनी तिच्यासाठी चुलीपुढची जागा ठरवूनही टाकली होती. मिसरूड न फुटलेला मानसिंग तेवढा आडवा आला. "आमची आक्का नर्सबाई हुनार," असं चारचौघांत ठणकावून त्यानं तिची ट्रंक खांद्यावर घेतली आणि तिला सोलापूरच्या गाडीत बसवलं. आता तो मोहोळला पिठाची गिरणी चालवत होता. केस पिठानं पांढरे की वयानं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. बजाबाईला जगात कुणाचा अभिमान असेल, तर तो या भावाचा होता. नवऱ्याचं तिला कधीच काही वाटलं नाही.

तिला एक खोड होती, पट्टी उचलून बघायची. जखमेवरची पट्टी वरून कोरडी दिसली की बाकीच्या सिस्टर पुढच्या खाटेकडं जात. बजाबाई चिकटपट्टीचं टोक सोडवून आत डोकावायची, कडेला बोटानं दाबून बघायची, वाकून वास घ्यायची. पेशंट कुरकुरायचे. मोठे डॉक्टर चिडवायचे, "बाई, भाकरी भाजली का बघताय काय?" ती म्हणायची, "बघितल्याबिगर कळतंय का, डॉक्टर?" आणि पुढच्या पट्टीला हात घालायची.

पेशंट घरी गेला तरी ही खोड सुटत नसे. "मंगळवारी बाजाराला याल तवा माझ्याकडं होऊन जावा," असं ती प्रत्येकाला बजावून सांगायची. आणि लोक यायचे, हे विशेष. डोक्यावरच्या पाट्या व्हरांड्यात उतरवून ओळीनं बसायचे. मैंदर्गीकडचे म्हातारे कानडीत गाऱ्हाणं सांगत धोतर बाजूला सारायचे, बाया भिंतीकडं तोंड करून पदर वर घ्यायच्या. बजाबाई एकेकाची पट्टी उचलायची. काहींच्या आत पू निघायचा. तो काढून, जखम धुऊन, नवी पट्टी बांधून ती त्यांना एस.टी.च्या वाटेला लावायची. हे काम तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि ते केल्याबद्दल कुणी कधी बरंही म्हटलं नव्हतं.

मग सिद्रामप्पा शेठ ट्रस्टचे सेक्रेटरी झाले आणि दवाखान्यात फळा आला.

सिद्रामप्पांचं नव्या पेठेत कापडाचं दुकान होतं. माणूस सरळ. त्यांची आई कुठल्याशा परगावी ऑपरेशननंतर जखम चिघळून गेली होती, आणि ते त्यांच्या मनातून जात नव्हतं. आपल्या दवाखान्यात असं कुणाच्या आईचं होऊ नये, ही त्यांची तळमळ अगदी खरी होती. दुकानात कुठल्या नोकरानं किती माल विकला हे त्यांनी फळ्यावर लिहायला लावलं आणि सगळे हुशारीनं कामाला लागले, असा त्यांचा अनुभव. तोच उपाय त्यांनी इथं लावला. दवाखान्याच्या दारातच, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा काळा फळा टांगला. वॉर्ड एक, वॉर्ड दोन. ऑपरेशनं किती झाली, जखमा किती चिघळल्या, मृत्यू किती. दर महिन्याला नवे आकडे. "लोकांना कळू द्या आपण कसं काम करतो ते," सिद्रामप्पा म्हणाले. यात नाव ठेवण्यासारखं काहीच नव्हतं. बजाबाईला तर मनापासून आनंद झाला.

नियम साधा होता. ज्या वॉर्डात पू सापडेल त्या वॉर्डाच्या नावावर जखम लिहायची. न सापडलेल्या पुवाचं काय करायचं, हे नियमात नव्हतं, आणि ते कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

एक नंबरच्या वॉर्डवर शिवबाई होती. मैंदर्गीची. ती आणि बजाबाई एका वेळी शिकलेल्या, एका ताटात जेवलेल्या. शिवबाईचा वॉर्ड मोठा, छपराला गळती, आणि गर्दी तर दुप्पट. पेशंट भिंत धरून चालायला लागला की चार-पाच दिवसांत ती त्याला घरी लावून द्यायची. "टाके तुमच्या गावच्या डॉक्टरकडं काढा," म्हणायची. लोकही खूश, कारण घरी गुरंढोरं, लेकरंबाळं वाट बघत असतात. जखम बिघडायची ती बहुधा त्याच्यानंतर, आणि तोवर माणूस आपल्या घरच्या ओसरीवर पोचलेला असायचा. तिथला पू दवाखान्यात कोण आणून दाखवणार? शिवबाईनं हे ठरवून केलं म्हणावं, तर तसंही नाही. तिला खाट रिकामी हवी होती, एवढंच. फळ्यावर आपल्या वॉर्डापुढं शून्य पडलेलं पाहून तिचं तिलाच नवल वाटलं. पण शून्य मिळालेल्या माणसानं कधी तक्रार केली आहे?

दोन नंबरपुढचा आकडा मात्र फुगत चालला. मंगळवारी व्हरांड्यात सापडलेला पूही बजाबाई आपल्याच नावावर लिहायची. एक नंबरातून घरी गेलेला कुणी चुकून तिच्यापुढं येऊन बसला, तर नियमाप्रमाणं त्याचाही. मॅट्रनबाईंनी तिला बोलावून घेतलं. "स्वच्छतेत कुठं कमी पडताय का, बजाबाई?"

"मी बघते म्हणून सापडतंय, बाई."

"म्हणजे शिवबाई बघत नाही?"

आता याला काय उत्तर द्यायचं? हो म्हणावं तर मैत्रिणीची चहाडी, नाही म्हणावं तर आपला वॉर्ड घाणेरडा. बजाबाई गप्प बसली. अलीकडं गप्प बसणं तिला सोपं जायला लागलं होतं. भांडायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं. ती घरी जायची, पाय भिंतीला लावून पडायची, आणि सकाळी त्याच पायांवर परत उभी राहायची. पट्ट्या उचलायचं बंद करावं, असं तिच्या मनात येऊन गेलं नाही असं नाही. पण पट्टी समोर आली की हात आपोआप पुढं व्हायचा.

त्याच दिवसांत मानसिंगला हर्निया झाला. धान्याची पोती उचलून उचलून जांघेत गाठ आली होती, आणि ती त्यानं बरेच दिवस कुणाला कळू दिली नव्हती. शेवटी बायकोनं, वच्छलानं, हट्टानं त्याला सोलापूरला आणलं. बजाबाईनं खिडकीजवळची खाट धुऊन, नवी चादर घालून तयार ठेवली. मानसिंग दारातून आत आला, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाला, "आक्का, मी एक नंबरात ऱ्हातो की."

"का रं?"

मानसिंगनं मान खाली घातली. "दुखणं कसल्या जागी हाय बघ की. तुज्यापुढं धोतर सोडायचं म्हंजे... न्हाय जमायचं मला."

बजाबाईला आधी लागलं, आणि मग पटलंही. गड्यांच्या जखमा बांधण्यात तिचा जन्म गेला होता, पण हा मानसिंग होता. बहीण-भावात काही गोष्टी आड ठेवायच्या असतात, आपल्याकडं रीतच आहे ती. खरं म्हणजे तिलाही थोडं सुटल्यासारखं झालं. तिनं शिवबाईला सांगितलं, "माझा भाऊ हाय, शिवे. नीट बघ."

"अगं, माझा बी भाऊच की," शिवबाई म्हणाली.

ऑपरेशन छान झालं. ड्यूटी संपली की बजाबाई त्याच्या खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभी राहायची. मानसिंग हसून बोलायचा, वच्छला घरच्या गोष्टी सांगायची. घरी सोडायच्या आदल्या दिवशी त्याचा चेहरा तिला जरा तांबूस वाटला. तिचा हात सवयीनं पांघरुणाकडं गेला. मानसिंगनं पांघरूण दोन्ही हातांनी गच्च धरलं. "अगं, आक्का!" तो ओरडला, आणि तिघंही हसली. बजाबाईनं हात मागं घेतला. ते हसणं पुढं तिला कितीदा तरी आठवलं, आणि प्रत्येक वेळी तिला स्वतःची चीड आली.

सुट्टीच्या दिवशी ती मोहोळला गेली. गिरणी चालू होती. दळणाचे डबे घेऊन बाया बसल्या होत्या, आणि मानसिंग स्टुलावर बसून वच्छलाला सूचना देत होता. टाके तिथल्याच डॉक्टरनं काढले होते.

"कसं हाय?" बजाबाईनं विचारलं.

"झ्याक!"

वच्छलानं तिला बाजूला घेतलं. "वन्सं, मला बी बघू देत न्हाईत. अंग लई तापतंय त्यांचं, आन् चालताना पाय वडत्यात."

"मान्या, आत चल. पट्टी बघू दे," बजाबाई म्हणाली.

मानसिंगनं बायांकडं डोळ्यानं खूण केली. "हितं? एवढ्या बायाबापड्यांत? मंगळवारी बाजाराला येतोच की. तवा शिवबाईला दावतो."

अर्ध्या जिल्ह्याच्या पट्ट्या उचलून बघणारी ही बाई. तिनं त्याला हाताला धरून आत न्यायला हवं होतं, बाया हसल्या असत्या तर हसू द्यायचं होतं. तिनं काय केलं? चहा प्याला, वच्छलाला ताप मोजायला सांगितलं आणि सोलापूरची एस.टी. धरली. लाज तर होतीच, पण खरं सांगायचं तर ती दमली होती. महिन्यातून मिळणारी ती एक सुट्टी होती, पाय ठणकत होते, आणि भाऊ बरा आहे म्हणतोय तर ते खरं मानून घ्यायला तिला बरं वाटलं. दमलेल्या माणसाला चांगली बातमी तपासून बघायचा कंटाळा येतो.

मंगळवारी मानसिंग आला नाही. त्याच आठवड्यात कांद्याच्या ट्रकमध्ये आडवा घालून त्याला आणला. अंग भाजत होतं, जीभ कोरडी पडली होती, आणि पोटाला हात लावू देत नव्हता. बजाबाईनं त्याला कुणाला न विचारता आपल्या वॉर्डात, त्या खिडकीजवळच्या खाटेवर घेतलं आणि पट्टी उचलली. या वेळी त्यानं पांघरूण धरलं नाही. पट्टी वरून कोरडी होती. खाली जांघेपासून कंबरेपर्यंत लाल, टणक, आणि बोट ठेवताच जो वास आला तो तिच्या ओळखीचा होता.

डॉक्टरांनी जखम उघडली. पेनिसिलीन सुरू झालं, सलाईन लागलं. पू दोन नंबरात सापडला होता, त्यामुळं जखम दोन नंबरच्या नावावर गेली. शिवबाई धावत आली. खाटेकडं बघून तिनं पदराचा बोळा तोंडात घातला. "बजे, हे माझं हाय गं. माझ्या वॉर्डावर लिवायला सांग."

"नियमात बसत न्हाय, शिवे."

शिवबाई बराच वेळ रडली. ऑफिसात जाऊन मात्र तिनं काही सांगितलं नाही. बजाबाईनंही तिच्याकडून तशी अपेक्षा केली नाही. लेकरंबाळं होती तिला, नोकरी टिकवायची होती.

एका सकाळी ताप जरा उतरला, तेव्हा मानसिंग म्हणाला, "आक्का, एक सांगू? रागवू नगंस."

"बोल की."

"लाजंचं मी उगंच सांगितलं तुला. दारातला फळा वाचला हुता मी. सातवी पास हाय न्हवं? तुज्या वॉर्डात लई जनांचं बिघडलंय आन् एक नंबरात कुनाचंच न्हाय, असं लिवलं हुतं. म्हटलं, आक्काला वाईट वाटंल. म्हनून लाजंवर ढकललं." मग क्षीण हसून म्हणाला, "पांघरूण धरलं ते मात्र खऱ्या लाजंनं."

बजाबाईला रडू आलं नाही. तिला एकदम फार म्हातारं झाल्यासारखं वाटलं. रागवायचं तरी कुणावर? दारात लिहिलेलं वाचून शहाण्या माणसानं जे करावं तेच त्यानं केलं होतं. ज्यांच्या पट्ट्या तिनं मंगळवारी मंगळवारी उचलल्या, त्या सगळ्यांचा पू त्या फळ्यावर तिच्या नावापुढं साठत गेला होता, आणि तोच वाचून तिचा भाऊ तिच्यापासून लांब गेला होता. तिनं त्याच्या कपाळावरची पट्टी भिजवून परत ठेवली. "बरोबर केलंस. मी बी तेच केलं असतं," ती म्हणाली.

पुढं ताप परत चढला. लघवी कमी होत गेली, बोलणं तुटक झालं. मोठ्या डॉक्टरांनी तिला व्हरांड्यात बोलावलं. ते तिच्याशी कधी खोटं बोलले नव्हते, आताही बोलले नाहीत. रक्तात विष भिनलं होतं. औषधं चालू ठेवू, पण मनाची तयारी करा, म्हणाले.

वच्छलानं ऐकलं आणि तिचा हात धरला. "वन्सं, घरी न्हेऊ या त्यांना. परक्या खाटेवर नगं."

यात नवीन काही नव्हतं. माणूस हातातून चालला असं दिसलं की आपल्याकडं लोक त्याला घरी नेतात. आपल्या उंबऱ्याच्या आत, आपल्या माणसांत जावा, एवढीच इच्छा असते. बजाबाईनं असे कितीतरी पेशंट स्वतः गाडीत घालून दिले होते. पण आज ती नाही म्हणाली. सलाईन चालू आहे, म्हणाली. रस्ता खराब आहे, म्हणाली. खरं कारण वेगळं होतं, आणि ते वच्छलाला सांगायची तिला शरम वाटली. मानसिंग इथं गेला, तर फळ्यावर मृत्यू लिहिला जाणार होता. आजवर तिला आकड्यांचा फक्त जाच झाला होता. आता पहिल्यांदाच तिला एक आकडा हवा होता. लिहा म्हणावं माझ्या वॉर्डावर, लागेल तर माझी नोकरी घ्या, पण स्वतःच्या पायांनी चालत आलेला गिरणीवाला साध्या हर्नियापायी गेला, हे दारात दिसू द्या. सिद्रामप्पा त्यापुढं थांबले असते. कसा गेला म्हणून त्यांनी खोदून विचारलं असतं, आणि विचारता विचारता एक नंबरच्या शून्यापर्यंत पोचले असते. घरी नेलं तर मानसिंग 'घरी सोडला' एवढंच राहणार होतं. एक नंबरातून घरी गेलेल्या बाकीच्यांसारखंच.

दुपार सगळी ती त्याच्या उशाशी बसून राहिली. वच्छला पदरानं त्याला वारा घालत होती. उन्हं कलली तेव्हा मानसिंगनं डोळे उघडले. बहिणीला ओळखलं. "आक्का," तो म्हणाला, "गिरणीवर न्हे मला."

एवढं बोलायलाही त्याला दोनदा श्वास घ्यावा लागला. बजाबाई उठली. सलाईनची सुई तिनं आपल्या हातानं काढली, तिथं कापसाचा बोळा दाबून धरला. आमच्या जबाबदारीवर पेशंटला घरी नेत आहोत, या कागदावर सही केली आणि नात्याच्या जागी बहीण असं लिहिलं. मग ती गाडी बघायला बाहेर गेली.

मानसिंग दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर गेला. डोकं बजाबाईच्या मांडीवर होतं, हात वच्छलाच्या हातात. गिरणी बंद होती, तरी दळण घेऊन आलेल्या दोन बाया दाराशी उभ्या होत्या. त्यांनी डबे खाली ठेवले आणि आत आल्या.

सगळं उरकून बजाबाई कामावर आली, तेव्हा सिद्रामप्पा दारातच उभे होते. नव्या महिन्याचे आकडे नुकतेच लिहिले होते. त्यांनी दोन्ही हात जोडले. "भावाचं ऐकलं, बाई. फार वाईट झालं. घरी गेले ना?"

"होय. घरी."

"घरच्या माणसांत गेले, तेवढं तरी देवानं केलं," ते म्हणाले. त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते. बजाबाई पुढं जाऊ शकली असती. पाय तर पुढं निघालेही होते. पण फळ्यावर मृत्यूच्या रकान्यात दोन्ही वॉर्डांपुढं शून्य होतं, आणि ते ओलांडून तिला आत जाववेना.

"मीच नेलं त्याला, शेठजी," ती म्हणाली. "त्याची ओढ होती म्हणून. नाहीतर तिथं एक लिहावं लागलं असतं. ऑपरेशन एक नंबरात झालं होतं त्याचं. चार-पाच दिवसांत घरी सोडला आणि जखम घरी बिघडली."

सिद्रामप्पा फळ्याकडं वळले. सरळ माणूस, त्याला समजायला वेळ लागला, पण समजलं. मग त्यांनी खाली आलेल्या आवाजात विचारलं, "बाई, असे घरी जाऊन गेलेले आणखी किती असतील?"

"कुणी बघितलंय, शेठजी?" बजाबाई म्हणाली. "सख्ख्या भावाचं मी बी न्हाय बघितलं."